पालथ्या हातावर साधी पण उठून दिसणारी मेंदी कशी काढावी?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात दिराचं लग्न इंदूरला आहे, कोन धरता येतो पण हात बसलेला नाही, दोन दिवसांनी ऑफिस असल्यामुळे भरगच्च मेंदी नको, आणि तरी पालथ्या हातावर काहीतरी छान दिसायला हवं. मी इंदूरचीच, रामबागेत वाढलेली. मेंदी हा माझा धंदा नाही, पण घरात नि गल्लीत लग्न निघालं की कोन माझ्याच हातात येतो. त्यामुळे चुका भरपूर करून झाल्या आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. तळहातावर जे छान दिसतं ते हाताच्या पाठीवर दिसेलच असं नाही. मेंदीच्या पानातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला धरून बसतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद चढतो. पाठीची पातळ, म्हणून तोच कोन, तेवढेच तास ठेवूनही रंग दोन छटा फिका येतो. आमच्याकडे हौशी मुली इथेच फसतात. बारीक जाळी, जाळीत ठिपके, ठिपक्यांभोवती पाकळ्या. ओली असताना सुरेख, तिसऱ्या दिवशी हात नुसता मळकट. तेव्हा रेषा मोजक्या, त्याही जाड, आणि दोन रेषांमध्ये कातडी दिसू द्यायची. नाहीतरी लग्नात अक्षता टाकताना, वाढताना, फोटोत कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना दिसते ती पाठच, आणि तीही हातभर अंतरावरून.

आता माझी सगळ्यात आवडती मेंदी सांगते, महेश्वरी साडीच्या काठाची. नेसायची साडी महेश्वरी असेल तर कपाटातून काढून समोर ठेवा. नसेल तर सासूबाईंकडे मागा, इंदूरच्या मराठी घरात एक तरी निघतेच. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून बसवले, आणि काठावरचे नमुने किल्ल्याच्या नि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून उचललेले, असं तिथले लोक सांगतात. त्या काठांना सरळसोट नावं आहेत: चटाई, ईंट, हीरा, चमेली, आणि नर्मदेच्या पाण्यासारखी लहर. म्हणजे बहुतेक सरळ रेषांचा, चौकटींचा खेळ. ज्याचा हात बसलेला नाही त्याला फुलापानांपेक्षा हा खेळ फार सोपा. गोल वळणात हात थरथरला की लगेच कळतं, तिरक्या रेषांच्या रांगेत एखादी वाकडी गेली तरी खपून जाते.

करायचं असं. दोन जाड समांतर रेषा, मध्ये साधारण एका बोटाची रुंदी. त्यांच्या मध्ये तिरक्या रेषा एका दिशेला, मग थोडी जागा सोडून उलट्या दिशेला, की चटाई झाली. ईंट म्हणजे भिंतीत विटा रचतात तसे चौकोन, एक सोडून एक भरलेला. हीरा म्हणजे शंकरपाळे, पोटात एकेक ठिपका. तिन्ही एकत्र करू नका. एकच घ्या. काठाच्या बाहेरच्या बाजूला ठिपक्यांची एक ओळ, बास.

पण हा काठ कुठे बसवायचा हे महत्त्वाचं, आणि तिथे मी स्वतः आपटले आहे. मावसबहिणीच्या लग्नात मी दोन तास खपून मनगटाभोवती सुंदर चटाई काढली होती. सकाळी मामीने हातात डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि चटाई त्यांच्याखाली गडप. दिवसभर माझा हात मेंदी न काढल्यासारखा. बांगड्या घासून घासून मनगटावरचा रंग आधी गेला तो वेगळाच. तेव्हापासून मी आधी विचारते, बांगड्या किती घालणार? एखादं कडं किंवा घड्याळ असेल तर मनगट चालेल. हात भरून बांगड्या असतील तर काठ वर न्या. करंगळीच्या बाजूने, मनगटाच्या हाडापासून निघून तिरका तर्जनीच्या मुळाशी नेऊन सोडा. जणू पदर हातावरून टाकलाय. बाकीची पाठ रिकामी. बोटांवर, मधल्या पेराच्या जरा वर, त्याच काठाची एकेक अरुंद पट्टी. सांध्याच्या सुरकुत्यांवर मात्र काढू नका. बोट वाकलं की तिथली मेंदी आधी तडकते आणि रंग तुटक येतो.

महेश्वरी नको असेल तर आजीच्या वळणाची टिकली. आजी पाट्यावर ओला पाला वाटायची, त्यात कात, आणि आगकाडीने तळहातावर एक मोठा गोल, बोटांना टोप्या. तेच उलटून पाठीवर आणा, हल्ली ते पुन्हा फार स्टायलिश समजतात. मधोमध पाच रुपयांच्या नाण्याएवढा गोल. नाणं ठेवून काजळाच्या पेन्सिलीने आधी हलकी खूण करून घ्या, त्यात लाज कसली. मग घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊ या जागी चार ठिपके, त्यांच्या मध्ये आणखी चार. आठही ठिपक्यांतून बाहेर एकेक पाकळी. रांगोळी काढता येत असेल तर हे येतंच. एकेक पाकळी ओळीने काढत गेलात तर शेवटची नेहमी अरुंद होते, म्हणून समोरासमोरच्या जोड्या काढायच्या. गोलाचा मध्य भरून टाका, कारण भरलेला गोल फिका झाला तरी गोल दिसतो. नुसती कड ठेवली तर चौथ्या दिवशी ती चहाच्या कपाचा डाग वाटते.

बोटांच्या टोप्या काढणार असाल तर नखांची काळजी घ्या. नखाला चढलेला रंग निघत नाही, नख वाढून कापलं जाईपर्यंत तसाच राहतो. ऑफिसात ते नको असेल तर आधी पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात मारा.

अरबी वेलीबद्दल जास्त लिहीत नाही, तिचे फोटो ढिगाने मिळतात. एवढंच की आधी नुसता कणा काढा, मनगटापासून तर्जनीपर्यंत झोकदार, आणि मग पानं. एक पान डावीकडे, एक उजवीकडे, समोरासमोर नको. नथीची डिझाइनं पण हल्ली फार चालतात. मला स्वतःला ती हातावर चिकटवलेली वाटतात, पण आवड आपापली.

हात थरथरू नये म्हणून कोपर टेबलावर टेकवा आणि डावा हात बोटं पुढे करून पालथा ठेवा. दूरच्या टोकाकडून आपल्याकडे येत काढलंत तर ओल्या रेषेवर स्वतःचंच मनगट घासत नाही. जाड रेषेसाठी कोनाचं तोंड कातडीला टेकवू नका. जरा वर धरून, दोरा सोडावा तशी मेंदी खाली पडू द्या. रेष आपोआप सरळ येते. ही एक युक्ती हाताला लागली की अर्धं काम झालं. चुकलं तर लगेच टूथपिकने उचला. पाठीवर रंग धरायला तळहातापेक्षा वेळ लागतो, हा त्या पातळ कातडीचा एक फायदाच.

आता रंगाचं. डिसेंबरात इंदूरच्या रात्री गार असतात आणि गार हाताला मेंदी नीट रंगत नाही. शनिवारी लग्न असेल तर गुरुवारी रात्री काढा, कारण मेंदी खरवडल्यावर रंग आधी केशरी असतो आणि हवेने एक-दोन दिवसांत तो विटकरी, मग तपकिरी होतो. आदल्या रात्री काढणाऱ्या बायका मंडपात भोपळ्याच्या रंगाचे हात घेऊन फिरतात आणि कोनवाल्याला शिव्या देतात. मेंदी सहा ते आठ तास राहू द्या. वरून लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपलं की ती सुकून गळत नाही. मग तव्यावर चार लवंगा टाकून वर हात धरायचे. लवंगेने रंग चढतो की नाही मला माहीत नाही, ती ऊब मात्र थंडीत खरंच कामाची. सकाळी पाणी न लावता सुरीच्या बोथट बाजूने खरवडा, खोबरेल चोळा, आणि जमेल तितका वेळ भांडी-साबणापासून लांब राहा. लग्नघरात तेही एक निमित्तच.

कोन घरी केला तर उत्तम. बाजारात सोजतची म्हणून पूड मिळते, राजस्थानच्या पाली जिल्ह्यातली. तिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पूड बारीक कापडातून गाळा, लिंबाच्या रसात भिजवा, थोडी साखर, आणि 100 ग्रॅमला दोन-तीन चहाचे चमचे निलगिरी तेल. लहान मुलांच्या हातावर काढायची असेल तर तेल नको. थंडीत रात्रभर झाकून, ओट्यापाशी उबेत ठेवा. पुरलेले कोन फ्रीजरमध्ये ठेवायचे. खरी मेंदी बाहेर टिकत नाही, त्यामुळे दुकानात महिनोन्‌महिने लटकलेला कोन बघितला की मी पुढे जाते.

आणि काळ्या मेंदीच्या नादी मुळीच लागू नका. दहा मिनिटांत काळीभोर म्हणून जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी असतं, केसांच्या काळ्या रंगातलं रसायन. युरोपात ते कातडीवर लावायला बंदी आहे. माझ्या चुलतबहिणीने जत्रेत एका गाड्यावरून हातावर मोर काढून घेतला होता. चार दिवसांत मोराच्या आकाराचे फोड आले, आणि आता तिला केसांचा रंगही चालत नाही, टाळू सुजते. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की ती जन्मभराची.

राहिला उजवा हात, तो स्वतःचा स्वतःला काढता येणार नाही. लग्नघरी मेंदीवाली येईलच. तिला "बस, एक बॉर्डर" म्हटलंत तर ती "दीदी, हाथ खाली-खाली लगेगा" म्हणत कोपरापर्यंत वेल चढवेल, माझ्यावर दोनदा ही वेळ आली आहे. फोनवरचा फोटो दाखवून उपयोग होत नाही, ती एकदा बघते आणि आपलंच काढते. डावा हात आधी पूर्ण करून घ्या, साडीचा काठ तिच्या मांडीवर ठेवा, आणि डाव्या हाताकडे बोट दाखवून म्हणा, "ऐसा ही, इतना ही."