न सापडलेल्यांचा रकाना

प्रिय डॉक्टर,

तुझ्या थेसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, सावकाश, दोनदा वाचला. रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढांना बाहेरून, म्हणजे घरीदारी वावरताना झालेला न्यूमोनिया नेमका कशामुळे होतो, हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद आहे. हा आजार आपल्या वॉर्डात रोज येतो. कॅज्युअल्टीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं सुरू होतात, बहुतेक माणसं बरी होऊन घरी जातात, काही जात नाहीत. कारण मात्र दोघांच्याही केस पेपरवर लिहिलेलं नसतं.

एका वाक्याशी मी अडले. तू लिहिलं आहेस, ‘बेडक्याच्या कल्चरवरून कारण निश्चित केले जाईल.’ कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून ओळखणं. आज लिहितेय ते या वाक्याबद्दल.

आधी एक अभ्यास नीट समजून घे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, शिकागो आणि नॅशव्हिल इथल्या पाच रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात हाच प्रश्न विचारला होता. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. कल्चर, पीसीआर, लघवीतले अँटिजेन म्हणजे जंतूंचे अंश, रक्तातली प्रतिपिंडं, सगळं हाताशी होतं. एक्स-रेवर न्यूमोनिया दिसलेल्या आणि जिवाणू-विषाणू दोन्हींसाठी नमुने मिळालेल्या २,२५९ प्रौढांपैकी ८५३ जणांत काहीतरी सापडलं. म्हणजे ३८ टक्के. विषाणू २३ टक्क्यांत, जिवाणू ११ टक्क्यांत, दोन्ही एकाच रुग्णात ३ टक्क्यांत. सर्वांत जास्त सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस, ९ टक्के. मग इन्फ्लुएन्झा ६ आणि न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा ओळखीचा जिवाणू ५. उरलेल्या ६२ टक्क्यांपुढे त्यांनी ‘काही सापडलं नाही’ असं सरळ लिहिलं.

एवढ्या तयारीनंतर ६२ टक्के रिकामे. मग आपल्या एका कल्चर प्लेटवर ऐंशी-नव्वद टक्के कारणं सापडली, तर मला आनंद होणार नाही, काळजी वाटेल. आपल्याकडच्या थेसिसमध्ये क्लेबसिएला ही जिवाणूंची जात पहिल्या क्रमांकावर दिसते तेव्हा मी आधी नमुना कसा घेतला ते शोधते. मधुमेही, दारू पिणारा किंवा आठवडाभर गोळ्या खाऊन आलेला माणूस घे. त्याच्या तोंडात-घशात क्लेबसिएलासारखे ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू सहज मुक्कामाला असतात. त्याने तोंडातली लाळ डबीत थुंकली की प्लेटवर तेच वाढतात. क्लेबसिएलामुळे न्यूमोनिया होत नाही असं मी म्हणत नाही, होतो, आणि वाईट होतो. पण त्या प्लेटवरून तो तिच्यामुळेच झाला असं म्हणता येत नाही.

म्हणून माझं सगळं लक्ष पहिल्या तासावर आहे. थेसिसचं उत्तर बरंचसं तिथेच ठरतं, मशीन नंतर येतं. रुग्ण रात्री दोन वाजता येतो, पहिला डोस सिस्टर देऊन टाकतात, आणि तू सकाळी राऊंडला डबी हातात देतोस. तोवर न्यूमोकॉकस गेलेला असतो. पहिला डोस नमुन्यासाठी कधीही अडवायचा नाही, हे मनात पक्कं ठेव. पण ब्लड कल्चर आणि आयव्ही लाइन एकाच वेळी होऊ शकतात. दोन वेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. तीन मिली टाकून कल्चर निगेटिव्ह आलं म्हणायचं, हे रुग्णावर अन्याय करणारं आहे. एवढं करूनही दहा जणांत जेमतेम एखाद्याचं पॉझिटिव्ह येईल. तरी घ्यायचं, कारण रक्तात वाढलेल्या जंतूइतका ठाम पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

बेडक्यासाठी रुग्णाशेजारी स्वतः उभा राहा. ‘काका, आधी चूळ भरा, थुंकी नको, छातीतून खोकून येतो तो द्या’ हे तू सांगायचं, डबी मावशींच्या हाती देऊन निघून जायचं नाही. मग स्लाइड स्वतः बघ. लो पॉवरखाली एका फील्डमध्ये पू-पेशी पंचवीसहून जास्त आणि तोंडातल्या चपट्या पेशी दहाहून कमी असतील तरच तो नमुना कल्चरला लावायचा. ग्रॅमच्या रंगाला कमी लेखू नकोस. हान्स क्रिस्टियन ग्रॅमने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत काढली, ती न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसातले जंतू दिसावेत म्हणूनच. आजही स्लाइडवर जे दिसतं तेच प्लेटवर वाढलं, तर त्या कल्चरवर माझा विश्वास बसतो.

नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. मामांच्या फेरीची वाट पाहत तो ट्रॉलीवर राहिला तर न्यूमोकॉकस आपोआप विरघळून मरतो आणि बाकीचे वाढत बसतात. शिवाय लॅबमध्ये विचार की ब्लड अगार, म्हणजे प्लेटवरचं रक्त घातलेलं माध्यम, कोणत्या रक्ताचा आहे. काही ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरतात, त्यावर न्यूमोकॉकसची वाढ आणि ओळख नीट होत नाही. मेंढीचंच रक्त हवं. कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर नसेल तर मेणबत्तीची बरणीही चालते.

प्रत्येक रुग्णाच्या फॉर्मवर एक प्रश्न ठळक हवा: आधी कोणतं प्रतिजैविक घेतलं, किती डोस, शेवटचा कधी? ‘साध्या गोळ्या घेतल्या’ या उत्तरावर थांबू नकोस. नातेवाइकांना घरून स्ट्रिप आणायला सांग, निदान फोटो मागवून घे. लिव्होफ्लॉक्सासिनची स्ट्रिप निघाली तर दुप्पट सावध हो. या क्विनोलोन गटातल्या औषधाने क्षयरोग थोडा दबतो, रुग्णाला दोन दिवस बरं वाटतं आणि निदान आठवड्यांनी लांबतं. शिकागोत क्षय हे तक्त्याच्या तळाचं कारण होतं. आपल्या पुण्यात तसं गृहीत धरता येणार नाही. चार दिवसांचा ताप, खोकला आणि फुप्फुसाच्या खालच्या लोबमधली पांढरी सावली, असा क्षय आपण वॉर्डात पाहतो. तेव्हा बेडका देऊ शकणाऱ्या प्रत्येकाची सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी, आणि प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी.

विषाणूंच्या बाबतीत पुण्याला मोठा वारसा आहे. १९५२ साली इथे सुरू झालेलं व्हायरस रिसर्च सेंटर म्हणजे आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू याच शहरात झाला, आणि मार्च २०२० मध्ये राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण नायडू रुग्णालयात दाखल झाले. आपल्याकडे इन्फ्लुएन्झाचा जोर पावसाळ्यात असतो, कधी हिवाळ्याच्या अखेरीस पुन्हा चढतो. म्हणून रुग्ण जमवण्याचा काळ पूर्ण बारा महिन्यांचा ठेव. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ‘सॅम्पल साइज पूर्ण’ करून टाकलास तर पावसाळाच हातातून जाईल. आणि पालख्या शहरात मुक्कामी असतात त्या दिवसांत गावोगावचे वारकरी दाखल होतात. त्यांच्यावर उपचार अर्थातच आपलेच, पण राहण्याचं गाव नोंदव, नाहीतर पुण्यातलं प्रमाण काढताना आकडे फसतील.

आता जंतू सापडणं आणि तोच कारण असणं, यातलं अंतर. नाकातल्या स्वॅबमध्ये ऱ्हायनोव्हायरस मिळाला, तर तो फुप्फुसापर्यंत गेला होता का? मागच्या पंधरवड्यातल्या सर्दीचा उरलेला अंश असेल का? कोविडचा पीसीआरही आजार सरल्यावर काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो. न्यूमोकॉकसचं लघवीतलं अँटिजेनही तसंच रेंगाळतं. लेजिओनेला या जिवाणूची नेहमीची लघवीची तपासणी त्याच्या एकाच सिरोग्रुपला, म्हणजे उपगटाला, ओळखते. निगेटिव्ह आली म्हणजे लेजिओनेला नाही, असं नव्हे. सीडीसीच्या त्या अभ्यासात लक्षणं नसलेल्या प्रौढांचेही स्वॅब घेतले होते, तुलनेसाठी. तू तेवढं मोठं करू शकणार नाहीस, पण त्याच आठवड्यात, त्याच वयाच्या, अस्थिरोग ओपीडीत आलेल्या काही निरोगी छातीच्या माणसांचे संमतीने स्वॅब घे. तुझ्या थेसिसची किंमत त्याने वाढेल.

तक्त्यात तीन पायऱ्या कर. निश्चित: रक्तात किंवा फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात वाढलेला जंतू, बेडक्यात क्षयाचा जंतू, दोन-चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन रक्तनमुन्यांत चौपट वाढलेली प्रतिपिंडं. संभाव्य: चांगला बेडका, आणि स्लाइड व कल्चर जुळलेले. शक्य: नुसत्या नाकात मिळालेला विषाणू. या व्याख्या पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून सही कर. निकाल पाहून व्याख्या बदलण्याचा मोह फार मोठा असतो.

आणि ज्यांचं काहीच सापडलं नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना ठेव. त्यात नुसतं ‘अज्ञात’ लिहू नकोस, का अज्ञात ते लिही. नमुनाच मिळाला नाही? डोसनंतर मिळाला? खराब होता म्हणून नाकारला? की सगळं वेळेवर होऊनही काही आलं नाही? हे चार गट अगदी वेगळे आहेत. पहिले तीन आपल्या वॉर्डाच्या कामकाजाबद्दल सांगतात, आणि ते सुधारणं आपल्या हातात आहे. शोधायला उरतो तो चौथा.

त्या चौथ्या गटात डोकावताना माणसाकडे बघ. भातखाचरात राबणारा मधुमेही शेतकरी पावसाळ्यात आला असेल तर मेलिऑइडोसिस हा ओल्या मातीतल्या जिवाणूचा आजार डोक्यात असू दे. पश्चिम किनारपट्टीवर तो माहीत आहे आणि लॅबमध्ये त्याच्या जंतूला साधा स्यूडोमोनास जिवाणू समजून सोडून दिलं जातं. ताप आणि धाप असलेल्याला पूर्ण उघडून तपास. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली काळी खपली मिळाली तर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. ‘धूम्रपान करता का’ एवढंच विचारलंस तर मिशरी लावणारी, चुलीसमोर आयुष्य गेलेली आजी ‘नाही’ म्हणेल. मिशरी वेगळी विचार, चूल वेगळी, खडी-क्रशरवरचं काम वेगळं. खिडकीत कबुतरं असतात का तेही. काहींचा ‘न्यूमोनिया’ मुळात संसर्ग नसतोच. सहा आठवड्यांनी सावली तशीच असेल तर सीटी कर. त्या सावलीमागे गाठ असू शकते.

एक्स-रे दोन रेडिओलॉजिस्टनी वेगवेगळे वाचावेत, एकमेकांचं मत न बघता. प्रोकॅल्सिटोनिनची रक्ततपासणी मात्र सिनॉप्सिसमधून काढ. त्या आकड्यावरून जिवाणू की विषाणू हे खात्रीने ठरत नाही, आणि तो खर्च ब्लड कल्चरच्या बाटल्यांना लागेल.

न्यूमोकॉकस मिळाला की फेकू नकोस, उणे सत्तर अंशांच्या फ्रीजरमध्ये जपून ठेव. बाळांना न्यूमोकॉकसची लस आपल्याकडे २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर मिळते. दहा सिरोटाइपची, म्हणजे जंतूच्या दहा उपप्रकारांवरची, एक लस तर आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची. अमेरिकेत मुलांना लस दिल्यावर मोठ्यांमधलेही ते सिरोटाइप कमी झाले. आपल्याकडे तसं होतंय का हे सांगायला प्रौढांमधले जपलेले जंतू लागतील. तुझ्याकडे दहाच असले तरी चालतील.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात आणि छोट्या वाक्यांत लिही. धाप लागलेला माणूस चार पानं वाचू शकत नाही, आणि न वाचता केलेली सही मला नको आहे.

गुरुवारी ओपीडी संपल्यावर व्याख्यांचा तक्ता आणि फॉर्मचा मसुदा घेऊन ये. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनाही बोलावते. रात्रीचे नमुने कुणी घ्यायचे आणि मेंढीचं रक्त कुठून आणायचं, हे दोन्ही त्या दिवशी ठरवून टाकू. एथिक्स कमिटीला त्यानंतर पाठव.

तुझी
मॅडम