मीठ-पाण्यात साखर कशाला?

तुम्ही विचारलंय, की आजीला मधुमेह आहे आणि जुलाब लागलेत, तर ओआरएसऐवजी नुसतं मीठ-पाणी दिलं तर भागेल का, कारण साखर काय फक्त ताकदीसाठी असते. नाही भागणार. ती साखर मीठ आत नेण्यासाठी असते.

पेशीचं पटल मेदाच्या दोन थरांचं. ऑक्सिजन त्यातून सहज पार होतो. मिठातल्या सोडिअमच्या आयनावर विद्युतभार, त्याला तिथे वाट नाही. त्याला प्रथिनाचं दार लागतं. लहान आतड्याच्या अस्तरात, पोकळीच्या बाजूला, एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडिअमचे दोन आयन एकत्रच आत घेतं. ग्लुकोज नाही, तर सोडिअमही तिथून जात नाही. आत आलेलं सोडिअम पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप बाहेर काढतो: एका एटीपीमागे (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन) ३ सोडिअम बाहेर, २ पोटॅशिअम आत. या उपशामुळे पेशीत सोडिअम सतत कमी राहतं, म्हणून पोकळीतलं आत ओढलं जातं. सगळा खर्च या पंपाचा. एसजीएलटी स्वतः एटीपी वापरत नाही. पाणी मागोमाग जातं, परासरणाने, म्हणजे जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे.

कॉलऱ्याचं विष क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवतं, म्हणून पाणी आतड्यात धो धो येतं. पण एसजीएलटी शाबूत राहतं! १९७१ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला लावलं, आणि हजारो माणसं वाचली. मला ही गोष्ट सांगताना आजही भरून येतं.

प्रमाण मात्र पाळायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात खेचलं जातं, जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक नको. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या.

मधुमेहातही ओआरएस देतात, फक्त रक्तातली साखर तपासत राहा. आजीच्या गोळ्यांत 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं नाव असेल (ती गोळी मूत्रपिंडातल्या एसजीएलटी-२ या अशाच वाहकाला अडवते) किंवा मेटफॉर्मिन असेल, तर ती तूर्त थांबवायची का, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.