ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर खरंच गेलाय का, हे कसं ओळखायचं?

चालत्या गाडीचा पिकअप एकदम जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो, बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ ठीक. मेकॅनिक म्हणतो पेडल बदला, तर बदलू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. मी बदललं होतं. आठवडाभरात गाडी पुन्हा रांगायला लागली. शेवटी कनेक्टर उपसून बघितला तर एका पिनेवर हिरवा गंज! जुनं पेडल अजून माळ्यावर आहे, ठणठणीत.

हल्लीच्या पेडलला केबल नसते. आत दोन सेन्सर असतात आणि दोघेही ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) आपापला व्होल्टेज कळवतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या निम्मा असतो. पाय न लावता ०.७५ आणि ०.३७ च्या आसपास, पूर्ण दाबल्यावर साधारण ४ आणि २. हा मेळ बसेना की गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू मुद्दाम ताकद कमी करून तिला रांगत ठेवतो. स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) लावल्यावर दिसणारा पी२१३८ हा कोड त्याचाच. पी२१२२ किंवा पी२१२७ आला तर एकाचा सिग्नल फार कमी येतोय. पण तुटलेल्या वायरनेही हेच कोड येतात, ही गोष्ट पेडल विकणारा सांगत नाही.

म्हणून इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवा आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटात दोन्ही आकडे शेजारी लावा. पेडल अगदी सावकाश दाबा, दहा सेकंद तरी लागू द्या, मग तसंच सोडा. आकडा सलग चढायला हवा. दर वेळी एकाच जागी तो टपकन पडून परत वर येत असेल, तर आतला ट्रॅक, म्हणजे सेन्सरची घासपट्टी, झिजलाय, पेडल बदला. (चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरवाल्या पेडलमध्ये घासणारा ट्रॅकच नसतो, तिथे ही झीज शोधू नका.) पेडल स्थिर धरून दुसऱ्याला वायरिंग हलवायला सांगा. तेव्हा आकडे नाचले तर दोष वायरचा किंवा कनेक्टरचा. मल्टिमीटर असेल तर कनेक्टरला ५ व्होल्ट आणि अर्थिंग येतंय का बघा. तेच येत नसेल तर नवं पेडलही काही करणार नाही.

ब्रेक लाइटचा स्विचही तपासा. तो अडकला की ईसीयूला वाटतं ब्रेक दाबलाय, आणि बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबूनही पिकअप मिळत नाही.

कोड कोणता आलाय? पी२१३५ असेल तर पेडलचा नाद सोडा, आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) बघा.