भिगवणचा पिवळा धोबी : उपजात कशी ओळखायची

मार्चच्या शेवटी भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर फोटोत टिपलेल्या दोन नर पिवळ्या धोबी पक्ष्यांबद्दल तुम्ही विचारलंय. एकाचं डोकं फिकट निळसर करडं, वर ठळक पांढरी भुवई. दुसऱ्याचं डोकं गडद, भुवई जवळजवळ नाहीच. या दोन वेगळ्या जाती आहेत का? नाही, जात एकच, मोटॅसिला फ्लाव्हा. उपजाती मात्र वेगळ्या दिसतात, आणि पहिल्याबद्दल मी खात्रीने सांगतो, तो बीमा उपजातीचा आहे.

नुसतं डोकं करडं आहे म्हणून मी हे म्हणत नाही, करडं डोकं दोघांचंही आहे. पहिल्याची भुवई चोचीच्या मुळापासून निघून डोळ्याच्या बरीच मागे जाते आणि सगळीकडे रुंद राहते. कानावरची पिसं डोक्याइतकीच फिकट आहेत आणि डोळ्याखाली त्यात पांढरी रेघ आहे. हनुवटी पांढरी, पिवळा रंग त्याखाली कंठावर सुरू होतो. या खुणा एकत्र दिसल्या की शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. मूळ फ्लाव्हा उपजातीच्या नराचं डोकं आणि कान अधिक गडद असतात, भुवई अरुंद असते आणि हनुवटी बहुधा पिवळी.

बीमा हे नाव भीमा नदीवरून आलंय. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 साली प्रसिद्ध केली, त्यात या पक्ष्याचं वर्णन आहे. पांढऱ्या धोब्याच्या दुखुनेन्सिस उपजातीचं नावही त्यांनीच दिलं, तेही दख्खनवरून. म्हणजे व्होल्गापासून अल्ताईपर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करणारा हा पक्षी जगभर आपल्या नदीच्या नावाने ओळखला जातो, आणि तुम्ही तो त्याच भीमेच्या पाण्याकाठी पाहिलात. मला याचा दरवर्षी तितकाच आनंद होतो.

दुसरा पक्षी थुनबर्गी असावा. या उपजातीच्या नराचं डोकं पाटीसारखं गडद करडं, कान काळपट आणि कंठ हनुवटीपर्यंत पिवळा असतो. भुवई नसते, फार तर डोळ्यामागे पांढरा ठिपका. तुमच्या फोटोत पक्षी पाठमोरा आहे आणि कान नीट दिसत नाहीत, म्हणून मी 'असावा' म्हणतोय. डोक्याचा रंग काळाभोर आणि मानेपर्यंत उतरलेला असता तर फेल्डेग उपजात म्हटलं असतं, पण इथे तो करडाच आहे. शिवाय जिथे दोन उपजातींची वीण शेजारी होते तिथे मिश्र पक्षीही जन्मतात. त्यांना एका उपजातीत बसवण्याचा आग्रह धरू नका.

एक सावधगिरी उन्हाची. भर दुपारच्या उन्हात बीमाचं डोकं फोटोत पांढरंफटक येतं आणि लगेच 'ल्युकोसेफाला (पांढऱ्या डोक्याची उपजात) मिळाला' असं जाहीर होतं. मीही एकदा तशी नोंद केली होती. त्याच पक्ष्याचा सावलीतला फोटो पाहिल्यावर ती मागे घेतली. सकाळी आठच्या आधीचे फोटो काढा आणि उजेड थोडा कमीच ठेवा.

काळही महत्त्वाचा. हे धोबी सप्टेंबरपासून येतात, पण तेव्हा बहुतेक फिकट आणि तपकिरी असतात. नरांची डोक्यावरची नवी पिसं फेब्रुवारीपासून यायला लागतात. पाणी ओसरून गाळपेर उघडी पडते आणि म्हशींच्या पायांत धोबी किडे टिपत फिरतात, तो मार्चमध्यापासून एप्रिलमध्यापर्यंतचा महिना खरा. हिवाळ्यातल्या मादीची किंवा पहिल्या वर्षाच्या पिल्लाची उपजात फोटोवरून ठरवू नका, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नुसतं 'पिवळा धोबी' लिहा. मात्र त्याआधी तो पिवळ्या डोक्याचा धोबी, म्हणजे वेगळ्याच जातीचा पक्षी, नाही ना, हे बघा. त्याच्या कानाभोवती फिकट चौकट असते, पाठ करडी, पंखावर दोन रुंद पांढऱ्या पट्ट्या.

पुढच्या वेळी आवाजही नोंदवा, मोबाइलवर चालेल. फेल्डेगची हाक इतरांपेक्षा खरखरीत असते, त्याचा उपयोग होतो. आणि दुसऱ्या पक्ष्याच्या न कापलेल्या मूळ फ्रेम असतील तर टाका, एखाद्यात तरी तो मान वळवून उभा असेल. मला त्याचे कान आणि हनुवटी बघायची आहे.