ब्राउन शुगरच्या (अशुद्ध हेरॉइनच्या) व्यसनासाठी तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून परतलेल्या भावाला ओव्हरडोसचा धोका अधिक असतो का?

हो, अधिक असतो. तीन महिने ब्राउन शुगरपासून दूर राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पाय घसरून त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर तीच त्याचा श्वास थांबवू शकते. घरघरणारे घोरणे, निळसर ओठ, डोळ्यांतल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि हाक मारूनही न उघडणारे डोळे दिसले, तर ‘गाढ झोपला आहे’ असे समजून त्याला कृपया एकटे सोडू नका. १०८ ला फोन करावा, श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे आणि काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण नॅलोक्सोन या हेरॉइनचा असर उलटवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणू शकते. मात्र या इंजेक्शनचा असर ओसरल्यावर धोका पुन्हा उद्भवतो, म्हणून घरी नेण्याची घाई नको.

पुढच्या मदतीसाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सुईने नशा करणाऱ्यांना नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) ओएसटी केंद्रांत, म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रांत, औषध मोफत मिळते. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात उपचारानंतरचा पाठपुरावा होतो, आणि तिथे कुटुंबीयांनीही जावे, असे मला मनापासून वाटते.