सायकलची पहिली फ्रेम स्टीलचीच घे

अरे, टायटॅनियमच्या मागे आत्ताच नको लागूस. मान्य, त्याची घनता घनसेंटिमीटरला ४.५ ग्रॅम आणि स्टीलची ७.८ च्या आसपास, गंजतही नाही, पण कडकपणा पण निम्म्यावर येतो म्हणून पाइप जाड व्यासाचे लागतात आणि मग वजनातला फरक वाटतो तेवढा राहत नाही. वेल्डिंगला आतून-बाहेरून आर्गॉन वायू लागतो, ते कोपऱ्यावरच्या वेल्डरचं काम नाही, उलट ४१३० क्रोमोलीला (फ्रेमसाठी वापरतात त्या मिश्र स्टीलला) तडा गेला तर चांगला कारागीर जोडून देतो.

फक्त पावसाळ्यात सिमरोल घाटातून भिजून इंदूरला परत आलास की सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) टेप लावून उंचीची खूण कर, काढ, सायकल उलटी धर, तांबूस पाणी निघालं तर आत गंज धरतोय, वाळवून तेल फिरव. उरलेल्या पैशात बसत असतील तर ३२ मिमीचे टायर घाल, गचके खरे तिथेच कमी होतात.