पहिली नवी गाडी: डिक्कीवाली की पळणारी?

प्रश्न : आमच्या घरात पहिल्यांदाच नवी गाडी येणार आहे. ऑन-रोड अकरा लाखांच्या आत बसवायची आहे. मला ह्युंदाईची आय२० एन लाइन आवडते. बाबांचं म्हणणं, घरची गाडी म्हटली की मागं डिक्की पाहिजे, डिझायर नाही तर अमेझ घे. घरी आई-बाबा, बायको आणि आजी. डांबरी रस्त्यापासून गाव साडेतीन किलोमीटर आत, त्यातला दीड किलोमीटर पांदण रस्ता. नोकरी दारव्ह्याला, महिन्यातून दोनदा नागपूर. काय घ्यावं?
*एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ*

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो दीड किलोमीटर पांदण. गाडी रोज दोनदा तिथूनच जाणार आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

कागदावर तिन्ही गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स जवळपास सारखा: डिझायर १६३ मिलिमीटर, आय२० एन लाइन १७०, अमेझ १७२. पण हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं बसली आणि डिक्कीत पोतं पडलं की मागची बाजू सहज तीन-चार सेंटीमीटर खाली जाते. त्यातून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं गाडीचं पोट उंचवट्याला लवकर टेकतं. हे अंतर आय२० मध्ये २५८० मिलिमीटर आहे आणि डिझायरमध्ये २४५०. त्यामुळे कागदावर सात मिलिमीटर उंच असलेली आय२० गावातल्या उभ्या गतिरोधकावर डिझायरइतकीच, कधी तिच्याआधीही घासते.

म्हणून मोजून घ्या. ट्रॅक्टर आणि बैलबंड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर सरळ काठी आडवी ठेवा आणि काठीपासून चाकोरीच्या तळापर्यंत टेपनं मोजा. पांदणीत चार-पाच ठिकाणी असं मोजून सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह गाडी घरी मागवा. तालुक्याच्या गिऱ्हाइकाकडे ती आणतात. घरच्या पाचही जणांना बसवून सपाट जागेवर पुढच्या बंपरची खालची कड आणि पुढच्या दारांखालचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून मोजा. गाडीचा यातला लहान आकडा पांदणीतल्या आकड्यापेक्षा तीन सेंटीमीटरनंही जास्त भरत नसेल तर ती गाडी पावसाळ्यात तुमच्या पांदणीत चालणार नाही. मग नाव कोणतंही असो. उंचवटा थोडाच जास्त असेल तर एका बाजूची चाकं त्या उंचवट्यावरून आणि दुसऱ्या बाजूची कडेवरून चालवायची सवय लावता येते, पण रात्री, पावसात, आजी मागं बसलेली असताना हे रोज जमत नाही.

टायरचं गणित यापेक्षाही जास्त खर्चाचं आहे. एन लाइनला १९५/५५ आर१६ टायर येतात. १९५ चे ५५ टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात १०७ मिलिमीटर रबर. डिझायरच्या खालच्या व्हेरिएंटना १६५/८० आर१४ येतात, म्हणजे १३२ मिलिमीटर. या अडीच सेंटीमीटरवर पुष्कळ अवलंबून आहे. डांबराची कड तुटून खाली खडी उघडी पडलेली असते, तिथं साठच्या वेगानं चाक आपटलं की बारीक रबराच्या टायरची आतली दोरी तुटते आणि बाजूला फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच. धक्का जोराचा असेल तर अलॉय रिम वाकतं किंवा त्याला तडा जातो. साध्या लोखंडी रिमला तालुक्याच्या गावात ठोकून सरळ करून देणारा कारागीर असतो. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून चालवणं धोक्याचं. १६५/८० आर१४ टायर तालुक्याच्या दुकानात मिळण्याची शक्यता बरीच जास्त. १९५/५५ आर१६ ला बहुधा यवतमाळ-अमरावतीला फोन करावा लागेल. डिझायरच घेणार असाल तर नुसत्या दिसण्यासाठी मोठ्या अलॉयचं व्हेरिएंट घेऊ नका.

आता एन लाइनची खरी बाजू. तिचं ९९८ सीसीचं टर्बो इंजिन १२० पीएस ताकद आणि १७२ न्यूटन-मीटर ओढ (टॉर्क) देतं. डिझायरचं ११९७ सीसीचं ८२ पीएस आणि ११२ न्यूटन-मीटर. वेगमर्यादा सगळ्यांना सारखीच, समृद्धीवरही मोटारींना १२० च्या वर जाता येत नाही. फरक जाणवतो तो दुपदरी रस्त्यावर. पुढं कापसाची ट्रॉली आहे, गाडीत पाच माणसं, बाहेर ४५ अंश, एसी पूर्ण. डिझायरला तिसऱ्या गिअरवर उतरून इंजिन चांगलं फिरवावं लागतं, ओव्हरटेकला अंतर जास्त लागतं आणि तितका वेळ आपण समोरून येणाऱ्याच्या बाजूला असतो. टर्बोला हा वेळ कमी लागतो, शिवाय एन लाइनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. ‘पळणारी गाडी’ म्हणजे पोराची हौस, असं बाबांना वाटत असेल तर त्यांना शेजारी बसवून असा एक ओव्हरटेक दाखवा, मात्र रस्ता मोकळा असतानाच. डिझायरवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच: समोर लांबपर्यंत स्वच्छ दिसत नसेल तर ट्रॉलीमागं दोन मिनिटं थांबा.

टर्बोला जपावं लागतं. तेल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा. डिपस्टिक महिन्यातून एकदा बघा. नागपूरहून महामार्गानं पळवत आणून दारात लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन आयडलला चालू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथंच जळत नाही. कपाशी-सोयाबीनच्या हंगामात धूळ भयंकर असते, तेव्हा एअर फिल्टर दर ३,००० किलोमीटरला काढून आतून बाहेर हलकी हवा मारा. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. एन लाइन घेतलीच तर मॅन्युअल घ्या. तिच्या ड्युअल-क्लच ऑटोमॅटिकमधले क्लच कोरडे असतात, चिखलात चाक फिरत राहिलं किंवा चढावर गाडी इंच-इंच सरकवली की ते तापतात.

डिक्कीचं म्हणाल तर बाबांचं अर्धं बरोबर आहे. अमेझची डिक्की ४१६ लिटर, डिझायरची ३८२, आय२० ची ३११. पण सेडानच्या, म्हणजे डिझायर-अमेझसारख्या वेगळ्या डिक्कीच्या गाडीच्या, डिक्कीचं तोंड अरुंद असतं आणि बऱ्याच कॉम्पॅक्ट सेडानमध्ये मागची सीट दुमडत नाही. पाठीवरचा फवारणी पंप, ठिबकच्या नळीचं वेटोळं, संत्र्याचं कॅरेट या उंच वस्तू आय२० सारख्या हॅचबॅकमध्ये सीट पाडून सहज जातात, सेडानच्या तोंडातच अडतात. नेहमी नेता ते सामान टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी घालून बघा.

एका बाबतीत मात्र सेडान नक्कीच बरी. हॅचबॅकमध्ये सामानाची जागा आणि बसायची जागा एकच हवा खातात. कीटकनाशकाची बाटली कृषी केंद्रातून मागं टाकून आणली आणि झाकण सैल असलं, तर काचा बंद, एसी चालू, आणि ती वाफ थेट आजीच्या नाकात. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत, त्यामुळे हे हलक्यावर घेऊ नका. सेडानची डिक्की वेगळी असते म्हणून धोका कमी, पण तीही हवाबंद नसते. दोन्ही गाड्यांत औषध घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, उभं, आडवं पडणार नाही असं ठेवूनच आणा. शक्य असेल तर दुचाकीनं किंवा ट्रॅक्टरनंच आणा.

आजींना दोन्ही गाड्यांत स्वतः चढू-उतरू द्या. सीट गुडघ्याच्या खाली असेल तर उठताना त्रास होतो, आणि या दोन्ही प्रकारांच्या सीट खालीच असतात. दार किती रुंद उघडतं आणि वाकताना डोकं छताच्या उताराला लागतं का, तेही तेव्हाच कळेल.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के. म्हणजे शोरूम किंमत ९.५ लाखांच्या पुढं गेली की अकरा लाखांत बसणं अवघड. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला सक्तीचा. २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४०. इथं छोटं टर्बो इंजिन स्वस्त पडतं. विमा शोरूमकडूनच घ्यावा असा नियम नाही, बाहेरचं कोटेशन आणा. झीरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारं विमा संरक्षण) आणि इंजिन प्रोटेक्शन नक्की घ्या, कारण आपल्या नाल्यांवरचे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. ‘हँडलिंग’च्या नावानं काही रक्कम लावली असेल तर काढायला सांगा.

थोडे पैसे वाढवून व्हर्टस किंवा स्लाव्हियासारखी मोठी सेडान घ्यावी, असं कुणी सुचवेल. या गाड्या चांगल्या आहेत, डिक्की ५२१ लिटरची आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. हप्ता सात वर्षांवर नेऊन ती ओढ भागवू नका. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० आणि एकूण व्याज जवळपास १ लाख ९६ हजार. सात वर्षांवर हप्ता १२,८७० वर येतो, पण व्याज २ लाख ८१ हजार होतं. घरचं उत्पन्न कापसावर चालत असेल तर सहामाही हप्त्याबद्दल बँकेत विचारा, काही बँका शेतकऱ्यांना ती सोय देतात.

आमचं मत: पांदण आहे तशीच राहणार असेल तर १४ इंची टायरची डिझायर घ्या. तिला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आपटून सुरक्षितता तपासणारी संस्था) पाच तारे आहेत आणि सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत. भरल्या डिझायरखाली ते तीन सेंटीमीटर उरत नसतील तर अमेझ मोजा. पांदणीचं खडीकरण मंजूर होऊन काम सुरू झालं असेल, तर मॅन्युअल एन लाइन घ्यायला हरकत नाही. ती गाडी दहा वर्षं तुम्हालाच चालवायची आहे, तुमच्या आवडीलाही किंमत आहे.

प्रश्न : काळ्या मातीत गाडी अडकली की नेमकं काय करावं? गेल्या पावसाळ्यात ट्रॅक्टरनं ओढताना बंपर निघून आला. आणि चिखलातून निघाल्यापासून ८० च्या वर स्टिअरिंग थरथरतं.
*एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला*

चाक जागेवर फिरायला लागलं की पहिल्यांदा पाय एक्सिलरेटरवरून काढा. काळी माती ओली असताना साबणासारखी असते. चाक जितकं फिरेल तितका खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. स्टिअरिंग सरळ करा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनची ताकद कापणारी यंत्रणा) बंद करायचं बटण असेल तर दाबा. आधी मागं यायचा प्रयत्न करा, कारण मागची वाट चाकांनी दाबलेली असते. पुढंच जायचं असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत. जमलं नाही तर पुढच्या चाकांसमोरचा चिखल फावड्यानं काढून पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा रिकामी पोती लांब अंथरा. सध्याच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्याच चाकांनी ओढतात, मागच्या चाकांखाली घालून उपयोग नाही. पुढच्या टायरची हवा २० ते २२ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड बरीच वाढते. डांबरावर आल्यावर हळू चालवून पहिल्याच पंपावर ती पुन्हा भरा.

बंपर निघाला कारण दोर चुकीच्या जागी बांधला. डिक्कीत टूल किटमध्ये जाड लोखंडी हूक असतो. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उघडून तो आत घट्ट फिरवायचा आणि दोर त्यालाच बांधायचा. ट्रॅक्टर सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, दोर ताठ झाल्यावरच हळू पुढं घ्यायचा. झटका दिला की हूक किंवा दोर तुटून गोळीसारखा उडतो, म्हणून दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. पोरांना तर लांबच हाकला.

थरथरीचं कारण बहुधा रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल आहे. एका चाकात मूठभर माती चिकटली तरी तोल जातो आणि ८० च्या पुढं स्टिअरिंग हलतं. व्हील बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी गाडी धुण्याच्या ठिकाणी चारही रिमच्या आतून पाणी मारून घ्या, हात घालून माती निघाली का बघा. चाकांच्या वरचा खोबणीतला चिखल आणि पुढची एसीची जाळीही धुवा. जाळीवर पाण्याचा झोत जवळून मारू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात. त्यानंतरही थरथर राहिली तर वाकलेलं रिम तपासा.

प्रश्न : नव्या हॅचबॅकच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवून गाडी उंच केली तर चालेल का?
*एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती*

नको. बफर स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांना दाबू देत नाही, मग तो धक्का शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर आणि बाकीच्या वेटोळ्यांवर जातो. माउंटिंग लवकर फाटतं, गाडी उडते, आणि सस्पेन्शनच्या वॉरंटीवर वाद होतो. मोठे टायर टाकले तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते मडगार्डला घासतात आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. त्यापेक्षा कंपनीचाच सम्प गार्ड (इंजिनच्या तेलाच्या चेंबरखालचं संरक्षक कवच) बसवून घ्या, तेलाचं ड्रेन बोल्ट उघडायला त्याला भोक आहे ना ते पाहून.